वाचकांचा कौल

ग्रंथ एकदां छापून पुरा झाला म्हणजे वाचकाला त्यांत कांहीं फेरफार करतां येत नाहीं. फार झालें तर तो पुस्तक मिटून ठेवतो, नाहीं तर चारचौघांत लेखकाला नांवें ठेवतो. परंतु जी कथा दर महिन्यास अंकाअंकानें बाहेर पडते तिची गोष्ट निराळी आहे. तिचें पुढचें प्रकरण अजून लिहिलें जावयाचें असतें. म्हणून आपल्या शब्दानें कथेचें भवितव्य बदलेल अशी आशा वाचकाला वाटते. 1893 च्या डिसेंबरांत ‘स्ट्रँड’ मासिकानें शेरलॉक होम्सच्या मृत्यूची कथा छापली, वाचक संतापले, आणि 1903 सालीं कॉनन डॉइल यांस त्याला जिवंत परत आणावें लागलें, ही हकीकत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल.

वाचकाच्या शब्दाला किती मान द्यावा, आणि तो शब्द कोणत्या रूपांत ऐकावा, या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद इतिहास मात्र अशा नामांकित मासिकांत सांपडत नाहीं. अमेरिकेंत ज्यांना ‘सुपरहिरो कॉमिक्स’ म्हणतात त्या अतिमानुष वीरांच्या चित्रकथांत तो सांपडतो. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें 1964 सालीं सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्स मालिकेंतून वेताळाच्या गोष्टी मराठींत वाचून ज्यांचें बालपण गेलें, त्यांस हा विषय पोरकट वाटणार नाहीं. इतरांस आमची विनंति एवढीच कीं, वीराचा चित्रविचित्र पोषाख क्षणभर बाजूस ठेवून त्याच्या वाचकाकडे पहावें.

या वाचकाचा आवाज आरंभीं ऐकूं आला तो धमकीच्या रूपानें. 1940 च्या डिसेंबरांत ‘कॅप्टन अमेरिका’ या मालिकेचा पहिला अंक विक्रीस आला. ज्यो सायमन आणि जॅक कर्बी हे तिचे जनक. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणीत आहे असें चित्र होतें. अमेरिका महायुद्धांत पडावयास तेव्हां अजून एक वर्ष अवकाश होता, आणि नाझी पक्षाविषयीं आस्था बाळगणारे लोक न्यूयॉर्कांत उघडपणें वावरत होते. अंक हातोहात खपला. पण त्याबरोबर द्वेषानें भरलेलीं पत्रें आणि दूरध्वनीवरून जिवाच्या धमक्याहि येऊं लागल्या. कचेरीबाहेर पोलिसांचा पहारा बसला, आणि न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष ला ग्वार्डिया यांनीं स्वतः दूरध्वनि करून संरक्षणाचें आश्वासन दिलें, असें सायमन यांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे. या धमक्यांना उत्तर देण्याचें कारणच नव्हतें. ज्याला संवाद करावयाचा नसून लेखणी थांबवावयाची असते, त्याच्यापुढें लेखणी चालूं ठेवणें हेंच उत्तर.

खऱ्या संवादाला सुरुवात झाली ती एका रुक्ष नियमामुळें. अमेरिकेच्या टपालखात्याच्या नियमान्वये सवलतीच्या दरानें जाणाऱ्या नियतकालिकांत कांहीं पानें तरी निव्वळ मजकुराचीं असावीं लागत. चित्रकथांचे प्रकाशक दोन पानांची एखादी फुटकळ गोष्ट छापून ही अट भागवीत. पुढें त्या जागीं वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं. 1961 सालीं ‘डीसी’ संस्थेचे संपादक ज्यूलियस श्वॉर्ट्झ यांनीं पत्राखालीं लेखकाच्या नांवाबरोबर त्याचा पुरा पत्ताहि छापण्याची प्रथा सुरू केली. श्वॉर्ट्झ हे तरुणपणीं विज्ञानकथांचे उत्साही वाचक होते, आणि त्या मासिकांत छापलेल्या पत्त्यांवरूनच वाचकांच्या ओळखी होतात हें त्यांनीं अनुभवलें होतें.

पत्ता छापणें ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट; पण तिचे परिणाम दूरवर पोंचले. आजवर प्रत्येक वाचक आपापल्या खोलींत एकटा होता. आतां डेट्रॉइटच्या वाचकाला कळलें कीं, आपल्यासारखाच वेडा मिसूरींत आहे. डेट्रॉइटचे अध्यापक जेरी बेल्स यांनीं त्याच वर्षीं ‘ऑल्टर ईगो’ नांवाचें पत्रक घरच्या घरीं प्रती काढून वांटण्यास आरंभ केला. त्यांचे सहकारी होते मिसूरीचे रॉय थॉमस. हे थॉमस 1965 सालीं ‘मार्व्हल’ संस्थेंत लेखक म्हणून दाखल झाले, आणि 1972 सालीं तेथील मुख्य संपादक झाले. पत्रें लिहिणारा वाचक अकरा वर्षांत पत्रांना उत्तरें देण्याच्या खुर्चीवर जाऊन बसला!

‘मार्व्हल’मध्यें या पत्रव्यवहाराला खेळीमेळीचें रूप दिलें स्टॅन ली यांनीं. ‘फँटॅस्टिक फोर’ या मालिकेच्या 1962 सालच्या तिसऱ्या अंकापासून तेथें पत्रांचें सदर दिसूं लागलें. वाचक बारीकसारीक चुका काढीत: मागील अंकांत अमुक पात्राचें नांव निराळें होतें, तमक्या चित्रांत पोषाखाचा रंग चुकला आहे. चूक दाखवून ती चूक कशी नव्हेच हेंहि जो वाचक चातुर्यानें सिद्ध करी, त्यास पुढें पुढें एक पाकीट मिळूं लागलें. आपण बक्षीस जिंकलें आहे असें त्या पाकिटावर छापलेलें असे, आणि आंत कांहींच नसे. मुलें हें रिकामें पाकीट जपून ठेवीत. आम्हांस या थट्टेंत मोठा अर्थ दिसतो. वाचकाला द्रव्य नको होतें. आपण लक्ष देऊन वाचलें हें कोणा तरी जाणत्यानें पाहिलें, एवढेंच त्याला पुरेसें होतें.

या नात्याची खरी परीक्षा 1973 सालीं झाली. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा 121 वा अंक त्या वर्षीच्या जून महिन्याची तारीख घेऊन निघाला, किंमत वीस सेंट. लेखक जेरी कॉनवे हे विशीच्या उंबरठ्यावरचे तरुण, चित्रकार गिल केन. कथेचें नांव नेहमींप्रमाणें आरंभीं न छापतां शेवटच्या पानावर छापलें होतें. कारण नांवांतच नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूची वार्ता होती. खलनायक तिला उंच पुलावरून खालीं लोटतो. नायक आपल्या जाळ्याचा धागा फेंकून तिला मध्येंच अडकवितो, आनंदानें वर ओढून घेतो, आणि पाहतो तों ती मेलेली. तोंपर्यंत या कथांचा अलिखित करार असा होता कीं, वीर वेळेवर पोंचला म्हणजे माणूस वांचतें. येथें वीर वेळेवर पोंचला आणि तरीहि माणूस गेलें.

वाचकांत हलकल्लोळ उडाला. संतापाचीं पत्रें आलीं. महाविद्यालयांत व्याख्यानास जाणाऱ्या स्टॅन ली यांस विद्यार्थ्यांनीं जाब विचारला. परंतु डोळे पुसून झाल्यावर वाचकांनीं पुन्हां तीं चित्रें न्याहाळलीं. मजकुरांत जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचें नांव आहे, आणि चित्रांतला पूल ब्रुकलिनचा दिसतो, हें त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे, धाग्यानें ग्वेनला अडकविलें त्या चित्रांत तिच्या मानेजवळ कांहीं तरी मोडल्याचा एक बारीकसा ध्वनि अक्षरांत लिहिलेला होता. मग तिला मारलें कोणी? खलनायकाच्या धक्क्यानें, कीं प्रियकराच्या धाग्यानें? ऑक्टोबर 1973 च्या 125 व्या अंकांत रॉय थॉमस यांनीं पत्रांच्या पानावर याचें उत्तर दिलें: पडणारा देह एकाएकीं थांबला, मानेला हिसका बसला, आणि त्यानेंच ती गेली, नायकाला दुसरा मार्गच नव्हता.

हें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटतें. वाचकांनीं मागितलें होतें ग्वेनचें जीवन. तें त्यांस मिळालें नाहीं. पण त्यांनीं विचारलेला प्रश्न संपादकानें टाळला नाहीं, आणि त्या प्रश्नोत्तरामुळें कथा होती त्याहून गहन झाली. आपण ज्याला वांचवूं जातों त्याचा घात आपल्याच हातून होऊं शकतो, हें दुःख त्या दिवसापासून स्पायडर-मॅनच्या चरित्राचा कायमचा भाग झालें. याच्या उलट, लोकांच्या आग्रहाला मान देऊन ली यांनीं ग्वेनला परत आणावयास सांगितलें, तेव्हां कॉनवे यांनीं 1975 सालच्या अंकांत तिची हुबेहूब नक्कल, म्हणजे शास्त्रज्ञानें प्रयोगशाळेंत घडविलेली दुसरी ग्वेन, आणली आणि कथेच्या अखेरीस तिला दूर पाठवून दिलें. मागणी पुरविली, पण माणूस परत आलें नाहीं.

यानंतर पंधरा वर्षांनीं वाचकाचें मत घेण्याची अगदीं नवी रीत निघाली. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन. त्या नांवाचा दुसरा मुलगा जेसन टॉड हा 1983 सालीं कथेंत आला होता. त्याचा उद्धट स्वभाव अनेक वाचकांस रुचत नसे. संपादक डेनिस ओनील यांनीं 1988 सालीं त्याचा निवाडा वाचकांकडेच सोंपविला. 427 व्या अंकांत जोकर त्या मुलाला निर्दयपणें मारतो आणि शेवटीं स्फोट होतो. तो जगला कीं मेला? अंकांत दोन दूरध्वनिक्रमांक दिले होते, एक जीवनाचा आणि एक मरणाचा. मुदत छत्तीस तासांची. प्रत्येक वेळीं पन्नास सेंट खर्च.  चित्रकार जिम अपॅरो यांनीं पुढील अंकासाठीं दोन्ही शेवट काढून ठेवले होते. एकंदर 10,614 मतें आलीं: मरणाच्या बाजूनें 5,343 आणि जीवनाच्या बाजूनें 5,271. बहात्तर मतांनीं मुलगा मेला.

निकाल लागल्यावर वृत्तपत्रांनीं झोड उठविली. ज्यांनीं कित्येक वर्षांत चित्रकथा उघडली नव्हती त्यांना आपल्या लहानपणचाच रॉबिन मारला गेला असें वाटलें. एका मनुष्यानें आपल्या संगणकाकरवीं मरणाचा क्रमांक तासन्‌तास पुनःपुन्हां फिरविला आणि त्यानेंच पारडें फिरलें, असें आपल्या कानीं आल्याचें ओनील यांनीं पुढें सांगितलें. ती गोष्ट खरी असो वा नसो, ती घडणें शक्य होतें, हाच या पद्धतीचा दोष. दहा पत्रें लिहिणाऱ्याचीं दहा पत्रें एकाच्याच हातचीं आहेत हें संपादकाला कळतें. दूरध्वनीच्या मोजणींत हात दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, लोकशाहीच्या युगांत मत मोजण्याला दोष कां द्यावा? पत्रें निवडून छापणारा संपादक हाहि एक प्रकारचा हुकूमशहाच नव्हे काय? या आक्षेपांत तथ्य आहे. पत्रांच्या पानावर संपादकाचीच मर्जी चाले, आणि ज्याला लिहिण्याची हातोटी नाहीं त्याचें प्रेम तेथें कधींच उमटलें नाहीं. दूरध्वनीनें त्या मुक्या वाचकालाहि तोंड दिलें. पण तें तोंड केवळ दोन शब्द बोलणारें होतें. कोंकणांतील देवळांत देवाला कौल लावतात. पाकळी कोणत्या बाजूस पडली त्यावरून होय कीं नाहीं एवढें कळतें, पण कां होय आणि कां नाहीं हें कळत नाहीं. 5,271 लोकांना तो मुलगा कां हवा होता? त्याच्यांत सुधारणा व्हावी असें त्यांस वाटत होतें, कीं मुलाचें मरण खेळ म्हणून ठरविणेंच त्यांस असह्य झालें होतें? त्यांची कारणें मोजणींत शिरलींच नाहींत, आणि म्हणून लेखकाला त्यांपासून कांहींच शिकतां आलें नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. 2002 सालीं ‘डीसी’नें आपल्या अंकांतील पत्रांचीं पानें बंद केलीं. 2005 सालीं जेसन टॉड कथेंत जिवंत परत आला. म्हणजे बहात्तर मतांचा तो निकालहि टिकला नाहीं. ग्वेनविषयीं 1973 सालीं मिळालेलें उत्तर मात्र आजहि वाचक आठवतात आणि त्यावर वाद घालतात. ज्या मासिकाला, ज्या नाटकाला किंवा ज्या संस्थेला आपल्या लोकांचें मत हवें असेल, तिनें या दोन मृत्यूंची तुलना अवश्य करावी. किती जणांना आवडलें हें विचारणें सोपें आहे, आणि त्याचें उत्तरहि लवकर मिळतें. कां आवडलें नाहीं हें विचारण्यास धीर लागतो. कारण त्याचें उत्तर आल्यावर आपल्यालाहि कांहीं तरी उत्तर द्यावें लागतें.