दुकान आणि घर यांच्यामधली पट्टी

पुण्याच्या पेठेत वाढलेल्या वाचकाला या पुस्तकाचा विषय आधी जरा चमत्कारिकच वाटेल. खाली किराणा, वर बिऱ्हाड; खाली मिरच्या कुटल्या की वर ठसका. दुकान आणि घर यांच्यामध्ये झाडांची पट्टी हवी, ती अमुक फूट रुंद हवी आणि त्यातली झुडपं बारमाही हिरवी हवीत, हे कायद्याने ठरवायचं असतं ही कल्पनाच तिथे परकी. अमेरिकेतल्या उपनगरांत मात्र असे नियम सर्रास आढळतात. तिथे या पट्टीला ‘बफर यार्ड’ म्हणतात. तिच्या अभ्यासात तुमचं स्वागत आहे. त्यासाठी वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. शेताच्या बांधावरून झालेलं एखादं भांडण पाहिलेलं असेल, तर निम्मी तयारी झालीच आहे.

या पट्टीचं मूळ एका खटल्यात सापडतं. ओहायो राज्यातल्या युक्लिड गावाने आपल्या जमिनीचे वापरानुसार विभाग पाडले आणि अँब्लर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन त्यात सापडली. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेल्या डुकराचा दृष्टांत दिला: वस्तू वाईट नसते, जागा चुकलेली असते. नकाशे रंगले. पण दोन रंग जिथे भिडतात तिथे काय करायचं, हे नकाशा सांगेना. नकाशावरच्या रेषेला रुंदी नसते, आणि तळणाचा वास, गाड्यांचे दिवे, पहाटे कचरा उचलणाऱ्या ट्रकची खडखड यांना ती दिसतही नाही.

रेषेला रुंदी देण्याचं नेटकं गणित लेन केंडिग यांनी १९८०च्या ‘परफॉर्मन्स झोनिंग’ या पुस्तकात मांडलं. जागा मुबलक असेल तर झाडं विरळ चालतील. जागा अरुंद असेल तर झाडं दाट लावा, नाहीतर भिंत बांधा. मालकाने आपली सोय पाहून निवड करावी. मला हे गणित आवडतं, पण त्याच्या भरवशावर मी निवांत झोपणार नाही. झाडं डोळ्यांना फसवतात, कानांना नाही. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिनियमांनुसार निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी भागाला ६५ची. हा दहा डेसिबलचा फरक निव्वळ झाडीने मिटवायचा, तर अमेरिकी महामार्ग खात्याच्या हिशेबाने सुमारे २०० फूट रुंदीची घनदाट झाडी लागते. म्हणजे हद्दीवरच्या कण्हेरीच्या एका रांगेने काय होणार? भरीव भिंतीने आवाजाच्या उगमाची थेट दृष्टिरेषा अडवली, तर साधारण पाच डेसिबल कमी होतात.

शिवाय झाड हे सजीव बांधकाम आहे. पानगळीचं झाड ऐन हिवाळ्यात पडद्याचं काम सोडून देतं. पाटी रस्त्यावरून दिसावी म्हणून दुकानदार शेंडे छाटतो. प्रवेशाच्या कोपऱ्यावर वळणारी गाडी दिसायला हवी, म्हणून तिथे झुडूप बुटकंच ठेवावं लागतं. मेलेलं रोप कोणी आणि किती दिवसांत बदलायचं, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर दुसऱ्या उन्हाळ्यात उरतात नुसत्या काठ्या.

एक सावधगिरीही सांगायला हवी. ‘लपवणे’ हे क्रियापद वापरताना काय लपवतो आहोत, हे दरवेळी विचारावं. १९४१ साली डेट्रॉइटमध्ये एका विकासकाने सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली. पलीकडे कारखाना नव्हता, बाजार नव्हता. कृष्णवर्णीयांची घरं होती. त्या घरांपासून गोरी वसाहत वेगळी दाखवली की तिथल्या कर्जांना सरकारी हमी मिळत होती. ही भिंत अजून उभी आहे आणि तिच्या काही भागावर रहिवाशांनी चित्रं रंगवली आहेत. या पुस्तकातली कोष्टकं वाचताना ती भिंत मनात असू द्या.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी मात्र एक काम करा. न्यू जर्सीत असा की नाशकात, जवळच्या मोठ्या दुकानाच्या मागच्या बाजूला जा. माल उतरवायची जागा, कचऱ्याचे डबे, एसीची यंत्रं आणि त्यापलीकडे कोणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी. मधलं अंतर पावलांनी मोजा.