घरच्यासारखं, पण कुणाच्या?

हॉटेलच्या पाटीवर ‘घरच्यासारखं जेवण’ असं लिहिलेलं दिसलं की मी सावध होते. अशा पाटीमागे माझ्या अनुभवात दोन गोष्टी हमखास निघतात. आमटीत चमचाभर जास्त गूळ आणि बिलात आईच्या मायेचे वेगळे पैसे. मुळात मला हॉटेलात जाऊन घरच्यासारखं खायचंच नसतं. घरच्यासारखं मी घरी खाते, आणि नंतर भांडीही घासते.

मिसळ घरी चांगली होत नाही, हे माझं ठाम मत आहे. चार माणसांच्या पातेल्यात कट उकळतो, पण त्याला ती धार येत नाही. सकाळपासून मोठ्या टोपात रटरटणारा, वर तर्रीचा लाल थर धरलेला कट ही घाऊक प्रमाणातच होणारी गोष्ट आहे. उलट आमटी बाहेर खाऊ नये. सकाळी दहाला दिलेली फोडणी दुपारी दोनपर्यंत टिकत नाही, तिचा नुसता वास राहतो. साबुदाण्याची खिचडी दोन्हीकडे चालते, फक्त दाण्याच्या कुटात कंजुषी नको.

पण ही झाली जिभेची भांडणं. त्या पाटीतल्या ‘घर’ या शब्दाशी माझं भांडण वेगळं आहे आणि ते पार आपल्या पणजोबांच्या काळापर्यंत मागे जातं. घरच्यासारखं म्हणजे नक्की कुणाच्या घरच्यासारखं?

आज आपण फोनवर बोट फिरवून रात्री अकरा वाजता बिर्याणी मागवतो. ती कुणी रांधली हे विचारत नाही. एकेकाळी आधी तेवढंच विचारलं जायचं. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. मिशनऱ्यांनी आलेल्या पाहुण्यांसमोर चहा-बिस्किटं ठेवली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हात लावून बाजूला ठेवला. नंतर गोपाळराव जोशींनी (हो, डॉक्टर आनंदीबाईंचेच यजमान) हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात हलकल्लोळ झाला. ग्रामण्य निघालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचे वाद वर्षानुवर्षं चालले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. आणि हे सगळं कशावरून, तर एक कप चहा. रानड्यांसारखा न्यायाधीशही चहाच्या कपातून सुटला नाही, तर बाकीच्यांची काय कथा!

तरी पोट कुणाला सुटलंय? शहरं वाढली, नोकरीसाठी माणसं घरापासून लांब राहायला लागली, तशी उपाहारगृहंही वाढली. पण दारातून आत येताना जातही बरोबर आली. ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’, ‘हिंदू हॉटेल’ अशा पाट्या झळकायच्या. रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळं आणि मुसलमान पाणी वेगळं असायचं. पदार्थ काय मिळतात याच्याआधी चुलीपाशी कोण बसलंय हे सांगणं दुकानदाराला फायद्याचं होतं. आपण आज ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’, ‘घरगुती’ हे शब्द चवीचे म्हणून वाचतो. पाटीवर ते मुळात हमीपत्र म्हणून आले असं मला वाटतं. तुमच्या घराच्या उंबऱ्याआत जे चालत नाही, ते इथेही चालणार नाही, अशी हमी.

आणि ज्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं, ते? त्यांना चहा मिळायचा तो वेगळ्या कपात, दुकानाबाहेर उभं राहून.

म्हणून कोल्हापूरच्या एका चहाच्या दुकानाला माझ्या लेखी कुठल्याही नावाजलेल्या रेस्टॉरंटपेक्षा वरची जागा आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना तिथल्याच लोकांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना म्हणाले की नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. गंगारामांनी भर गावात ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग स्वतः छत्रपतींची गाडी तिथे थांबायला लागली. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. राजाने पुढे केलेला कप नाकारायचा कसा?

पंचहौदचा कप आणि गंगारामांचा कप यांच्यात जेमतेम तीस वर्षांचं अंतर आहे. दोन्हीकडे चहाच होता. एका कपावर चौकशी बसली, दुसरा कप चौकशी बसवणाऱ्या सगळ्या व्यवस्थेलाच विचारत होता की बोला, आता काय करता. तरीही 1950 साली संविधानाच्या कलम 15 मध्ये हॉटेल आणि उपाहारगृह यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहिरी आणि रस्त्यांच्या सोबतीने हॉटेल आहे. मला फार आवडतं हे.

आता मुंबई, आणि माझ्या मते मराठी माणसाच्या बाहेरच्या खाण्याचा खरा पाया. तो म्हणजे गिरणगावातली खानावळ.

1850 च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी भोंग्यांवर जागी व्हायला लागली. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, घाटावरून पुरुष आले. बायका-मुलं गावी शेतीवर राहिली, कारण एका पगारात इथे सगळ्यांचं भागणं शक्य नव्हतं. 1921 च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा बायका नव्हत्या. एका खोलीत पंधरा-वीस गाववाले पाळीपाळीने झोपायचे. झोपायला एक वळकटी पुरते, जेवायचं काय?

तिथे खानावळवाल्या बाई आल्या. चाळीतली एकच खोली, त्यात स्वतःचा संसार आणि वर दहा-वीस मेंबरांचं दोन वेळचं जेवण. कुणाचा नवरा वारलेला, कुणाचा गिरणीतून कमी केलेला, कुणाचा दारूत बुडालेला, तर कुणाचा कामावर असूनही घर भागत नाही म्हणून. सकाळची पाळी गाठणाऱ्यांसाठी पहाटे शेगडी पेटायची, रातपाळीच्या माणसांसाठी दुपारी पुन्हा मांडामांड. कोकणातल्याला भात आणि माशाचं कालवण लागायचं, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत रस्सा. पैसे महिन्याला, पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभर वाण्याची उधारी बाईच्या नावावर, आणि पगार लांबला की सावकाराचं व्याजही बाईच्याच नावावर.

जगात कामगारांचा इतिहास लिहिताना कारखाना दिसतो, युनियन दिसते. ज्या बाईच्या उधारीवर कामगार दुसऱ्या दिवशी साच्यासमोर उभा राहत होता, ती बहुतेक वेळा तळटीपेतही नसते. गिरणीमालकाला कामगाराच्या जेवणाची सोय करावी लागली नाही, ती या बायकांनी केली. मला विचाराल तर ‘घरच्यासारखं’ हा शब्द वापरायचा अधिकार कुणाला असेल तर तो यांना. कारण ते घरच होतं, फक्त त्याच्या कष्टांना महिन्याचा दर ठरला होता. त्याच रांधण्याला घरात कर्तव्य म्हणतात आणि एक पैसा देत नाहीत. दहा परक्या पुरुषांना वाढलं की मात्र तो धंदा. हातातलं लाटणं तेच.

यातही गोडगोड काही नव्हतं हे सांगायला हवं. माणसं आपल्या गावच्या, शक्यतो आपल्या जातीच्या बाईकडेच मेंबर व्हायची. चूल शहरात आली तरी शिवाशिव गावी राहिली नाही. गिरणीतही तेच. विणखात्यात पगार चांगला, पण तिथे दलितांना घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडाला लागणार! यंत्र विलायती, विटाळ देशी. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता.

खानावळवाल्या बायकांची ताकद दिसली ती संपांच्या काळात. पगार बंद, तरी ताट बंद नाही. सत्तरच्या दशकातल्या लांबलेल्या गिरणी संपात कित्येकींनी अंगावरचं किडुकमिडुक गहाण टाकून मेंबरांना जेवू घातलं. त्यातून प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र केलं. मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताईंनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांनी एकमेकींची हमी घेतली आणि सरकारी बँकेतून कर्ज उचललं. सावकाराच्या वहीतून नाव निघून बँकेच्या पासबुकात आलं. स्वयंपाक हे कर्ज देण्याजोगं काम आहे हे कागदावर आलं, आणि ते आणलं खानावळवाल्यांनी.

मग 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातले बरेचसे कामावर परतलेच नाहीत. मेंबर गावी गेले, त्यांच्याकडच्या थकलेल्या उधाऱ्या चाळीत राहिल्या. काहींची मुलं नाक्यावर वडापावच्या गाड्या लावून उभी राहिली. वडापाव हा काही संपाने जन्माला घातलेला नाही. त्याचं श्रेय सहसा 1966 च्या सुमाराला दादर स्टेशनाबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना देतात. पण त्या वर्षांत तो बेकारीतला आधार झाला. गंमत बघा, पाव हा बाटवणारा पदार्थ. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी वसईपासून गोव्यापर्यंत अजून सांगतात. तोच पाव आज मराठी अस्मितेच्या हातात आहे, वर हिरवी मिरची. (वड्यातला बटाटा आणि ती मिरचीही दूर अमेरिका खंडातून आलेली, पण तो विषय काढला की लोक चिडतात.)

गिरण्यांच्या जागेवर आता मॉल आणि रेस्टॉरंटं आहेत. तिथे कधीकधी ‘पारंपरिक महाराष्ट्रीय थाळी’ मिळते आणि मला तीत काय नाही हे आधी दिसतं. आपली परंपरा बरीचशी छापील आहे. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. ‘रुचिरा’वर मीही स्वयंपाक शिकले, वाटी-चमच्याचं ते माप मला कधी दगा देत नाही. पण ज्या घरांत वाटी-चमचा मोजण्याइतकं तेल, तूप, साखर होतं, त्याच घरांची चव छापली गेली. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आलं तेव्हा मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण सविस्तर कागदावर उतरलं. त्यात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, कमी तेलात भागवणाऱ्या भाज्या आहेत. जरूर वाचा, भूक लागलेली नसताना वाचा. ते घरचंच जेवण आहे, आणि एकाही ‘घरच्यासारखं’वाल्या थाळीत मला ते अजून भेटलेलं नाही.

खानावळी आता पोळी-भाजी केंद्रांच्या रूपात उरल्यात. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर एक आहे. दोन बायका चालवतात, बसायला जागा नाही, डबा घेऊन निघायचं. पोळ्या मऊ, भाजी ठीकठाक, आमटीबद्दल माझं मत वर दिलंच आहे. बुधवारी आणि शुक्रवारी सुकटीची चटणी असते. तीन पोळ्या आणि ती चटणी, बाकी काही घेऊ नका. अकराच्या आत फोन करावा लागतो, नाहीतर संपते.