कॅन्सरच्या रुग्णाचा एकच पाय सुजला तर चोळू नका

माळशिरस : कॅन्सरमुळे रक्त लवकर गोठतं, त्यामुळे पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. केमोथेरपी, ऑपरेशन आणि अंथरुणावर पडून राहणं यानं धोका आणखी वाढतो. फ्रान्सचे डॉ. त्रूसो यांनी १८६५ मध्येच हा संबंध सांगितला होता.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमधून किंवा मुंबईच्या टाटामधून उपचार घेऊन घरी आल्यावर एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर ‘प्रवासानं झालं’ म्हणून तेल लावून चोळू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डॉपलर सोनोग्राफीत गुठळी दिसते, रक्त पातळ करणाऱ्या औषधानं उपचार होतो. मात्र हे औषध मनानं घेऊ नका, मनानं बंदही करू नका. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच १०८ ला फोन करा.