आईने करून ठेवलेली तजवीज

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपत आली असताना, माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. नवऱ्याशी पटेना म्हणून ती माहेरी परतली होती. म्हणाली, "गुरुजी, वेगळं व्हायचं ठरवलं आहे, पण दागिने तिकडेच राहिले. कोणते किती, हे कुठं लिहिलेलंही नाही."

मी मॅट्रिक झालेला मास्तर. वकिली मला काय ठाऊक? पण तिचे बोलणे ऐकताना मला रखमाबाईची आठवण झाली.

रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी मुंबईत झाले. पुढे तिने नांदायला जाण्याचे नाकारले, म्हणून नवरा दादाजी भिकाजी ह्याने 1884 साली दावा लावला. 1887 च्या मार्चमध्ये न्यायालयाने फर्मावले की, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करीन म्हटले! अखेर 1888 साली दादाजीने 2000 रुपये घेऊन तडजोड केली. ही हकीकत अनेकांना ठाऊक असते. तिच्यामागे असलेली आईची तजवीज मात्र सहसा कोणी सांगत नाही. आई जयंतीबाई विधवा होती. डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह करण्यापूर्वी तिने पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. पुढे खटल्याच्या काळात ह्याच मालमत्तेच्या लोभाचे आरोप दोन्ही बाजूंनी झाले. घटस्फोट मात्र तिला मिळाला नाही. तिच्यासाठी तो कायद्यात नव्हताच. 1889 साली ती विलायतेला गेली आणि डॉक्टर होऊन परतली.

कायदा पुढे तुकड्यातुकड्यांनी आला. बडोदे संस्थानात 1931 साली, मुंबई प्रांतात 1947 साली. आमचा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात, मध्यप्रांतात. मुंबईचा कायदा इकडे लागू नव्हता. ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती त्यांना वाट होती. इतरांना दार बंद. ते उघडले 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने. त्याच साली सप्टेंबरात रखमाबाई वारल्या. 1956 साली आणखी एक कायदा झाला; हिंदू स्त्रीची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची ठरली. आमचा मुलूख त्याच वर्षी मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि गोंदिया हा वेगळा जिल्हा 1999 साली झाला.

स्त्रीधन ही कल्पना मात्र कायद्याहून फार जुनी. आईने, बापाने, भावाने दिलेले ते तिचे, हे स्मृतिकारही सांगतात. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सासरी ठेवलेले स्त्रीधन ही तिचीच ठेव. मागितल्यावर ते परत करायला हवे. पण मागायचे तर काय दिले होते, हे दाखवावे लागते. सारी मेख तिथेच!

मी तिला वही दिली. तिने आईला जवळ बसवून एकेक जिन्नस आठवून लिहिला: पोत, पाटल्या, कानातली, कपाट, भांडी, कोणी दिले, कधी दिले. सोनाराच्या जुन्या पावत्या धान्याच्या कोठीमागच्या डब्यात सापडल्या. लग्नाचे फोटो भावाने आणले. त्यांत दागिने अंगावर दिसत होते. सह्या केलेल्या कागदांच्या नकला, स्वतःच्या नावाचे पासबुक, आणि कोठल्याही कोऱ्या कागदावर सही न करण्याचा निश्चय, इतके घेऊन ती गोंदियाला वकिलाकडे गेली. खटल्याचा निकाल अजून यायचा आहे.

निघताना तिची आई म्हणाली, "हे आम्ही लग्नाच्या दिवशीच लिहून ठेवलं असतं तर!" मला उत्तर सुचले नाही. माझीही मुलगी लग्नाची आहे.

वाचकहो, परवा भाऊबीज. ओवाळणी घालताना कोणी असला हिशेब मांडीत नाही, आणि मांडूही नये. पण ताटात पडले ते बहिणीचे, एवढे घरात सर्वांना ठाऊक असावे. माझ्या मुलीला मी यंदा एक वही घेऊन दिली आहे. पहिल्या पानावर तिच्या आजीने दिलेल्या बिलवरांची नोंद तिने स्वतःच्या हाताने केली.