संदर्भाची चिठ्ठी : कात्रीपासून संगणकापर्यंत

विद्वानाच्या विधानाला आधार लागतो, आणि तो वाचकास सांपडेल अशा रीतीनें द्यावा लागतो. ग्रंथ थोडे होते तोंवर हें काम स्मरणशक्तीवर भागत असे. छापखाना निघाला, ग्रंथांचा पूर लोटला, आणि स्मरणशक्तीनें हात टेकले. झूरिकच्या कोनराड गेस्नरनें १५४५ सालीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची एक प्रचंड सूचि छापली. सुमारें ३,००० ग्रंथकारांची माहिती तींत आहे. तीन वर्षांनीं तिचा विषयवार भाग काढतांना त्यानें आपली युक्तिही सांगून टाकली. चांगल्या कागदाच्या एकाच बाजूस टिपणें लिहावीं, कात्रीनें चिठ्ठ्या कापाव्या व हव्या त्या क्रमानें लावाव्या. वहींतील ओळ जागची हलत नाहीं, चिठ्ठी हलते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं आरंभलेल्या संस्कृत महाकोशाच्या सुमारें एक कोटि चिठ्ठ्या याच कुळांतल्या.

चिठ्ठींतला आधार निबंधांत कसा दाखवावा, हा प्रश्न निराळा. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनीं १८८१ सालीं गोगलगाईच्या अंड्यांवरील निबंधांत ग्रंथकाराचें नांव व साल कंसांत घातलें आणि बाकीचा तपशील शेवटच्या यादींत ठेवला. उपाय साधा, पण गेस्नरच्या कात्रीइतकाच गुणकारी.

मात्र प्रत्येक नियतकालिकाची शिस्त वेगळी. एकाला आडनांव आधीं हवें, दुसऱ्याला साल शेवटीं, तिसऱ्याला नांवाऐवजीं नुसता अंक. एकानें निबंध परत केला कीं दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वीं साऱ्या नोंदी पुन्हा लिहिणें आलें, आणि नव्या चुका करणेंही आलें. ही कारकुनी संगणकानें उचलली. ओरेन पाताश्निक यांचें १९८५ मधील 'बिबटेक' असो, कीं अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठानें २००६ सालीं विनामूल्य दिलेलें 'झोटेरो' असो, कल्पना एकच. ग्रंथकार, शीर्षक, साल, पृष्ठें यांना वेगवेगळे खण. मजकुरांत केवळ खूण. नियम निवडला कीं सारी यादी त्या वेषांत उभी राहते.

खणांत पडलेलें खरें कीं खोटें, हें मात्र यंत्र जाणत नाहीं. लॉस एंजेलिस येथील सिमकिन व रॉयचौधुरी या संशोधकांनीं पदार्थविज्ञानांतील एका नामांकित निबंधाचे सुमारें ४,३०० उल्लेख पाहिले. १९६ उल्लेखांत चुका होत्या, पण निरनिराळ्या चुका अवघ्या ४५. पृष्ठांकाची एकच चूक ७८ ठिकाणीं जशीच्या तशी! यावरून २००३ सालीं त्यांनीं अनुमान मांडलें कीं, उल्लेख करणाऱ्यांपैकीं सुमारें एक-पंचमांशच मूळ निबंध वाचतात. अनुमानास शंका घेतां येते. मूळ वाचूनही नोंद दुसऱ्याच्या यादींतून उतरवणारे लोक असतातच. नक्कल झाली होती, एवढें मात्र निर्विवाद.

आतां नक्कल करण्याचेही श्रम उरले नाहींत. कळ दाबतांच नोंद ग्रंथालयाच्या सूचींतून आपोआप येते. तेथें साल चुकलें असेल तर तें चुकीचें सालही निमूटपणें येतें आणि सुबक यादींत जाऊन बसतें. एका बाबतींत मात्र यंत्र माणसाहून जागरूक ठरलें आहे. निबंध छापल्यावर त्यांत गंभीर दोष आढळून तो मागें घेतला गेला, तर जुन्या चिठ्ठीला त्याचा पत्ता लागत नसे. २०१९ पासून 'झोटेरो' अशा नोंदीवर तांबडी सूचना लावतें. मालकानें ती नोंद वर्षांपूर्वीं सांठवून ठेवलेली असली तरीही.