कळमन्याची गिट्टी आणि ओट्यावरचा ग्रॅनाइट

कळमन्याला रेल्वेच्या रुळांखालची गिट्टी हातात घेऊन पाहा. काळी, जड, इतक्या बारीक पोताची की भिंगाशिवाय कण दिसत नाहीत. हा बेसाल्ट. तिच्याशेजारी स्वयंपाकाच्या ओट्याचा गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रक यांचे कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. दोन्ही खडक अग्निज. शिलारस जमिनीवर येऊन भराभर निवला की बेसाल्ट आणि खोलवर सावकाश निवला की ग्रॅनाइट, असे आपण वर्गात सांगतो. आम्हीही बरीच वर्षे तेच सांगत होतो. पण हे अर्धेच खरे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात अब्राहम वेर्नर शिकवीत की दोन्ही खडक आदिसागराच्या पाण्यातून साचले. हे मत भाबडे नव्हते. मिठाचे स्फटिक पाण्यातून मिळतात. वितळलेला दगड निवला तर मात्र काच मिळते, हा सर्वांचा अनुभव होता. उलट स्कॉटलंडच्या जेम्स हटनला १७८५ मध्ये ग्लेन टिल्ट येथे लाल ग्रॅनाइटच्या शिरा काळपट खडकात घुसलेल्या दिसल्या. म्हणजे ग्रॅनाइट एके काळी द्रवरूप होता आणि भोवतीच्या खडकाहून नंतरचा होता.

काचेचा आक्षेप हटनचा मित्र जेम्स हॉल याने दूर केला. काचेच्या भट्टीत सावकाश निवलेली काच दगडासारखी अपारदर्शक होते, हे त्याला ठाऊक होते. मोठ्या भूक्रिया मुशीतल्या प्रयोगाने तपासणे हटनला पसंत नव्हते, म्हणून हॉल थांबला. हटन १७९७ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी हॉलने आपले निष्कर्ष मांडले: वितळलेला बेसाल्ट झटकन निवला तर काच, सावकाश निवला तर स्फटिकमय दगड.

आमच्या नागपुरातही पाण्याचा पुरावा सापडतो. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ मध्ये येथील भूविज्ञानावर निबंध प्रसिद्ध केला. टाकळी आणि सीताबर्डी येथे बेसाल्टच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख मिळाले होते. वेर्नरच्या शिष्यांना आनंद झाला असता! पण शंख गाळात होते, बेसाल्टमध्ये नव्हते. लाव्हाचा एक लोट निवल्यावर तेथे तळी साचण्याइतका काळ गेला आणि मग दुसरा लोट आला, एवढेच त्यावरून ठरते.

कणांचा आकार सुटला, पण घटकांचा प्रश्न राहिला. बेसाल्टमध्ये सिलिका सुमारे ५० टक्के, ग्रॅनाइटमध्ये ७० च्या आसपास. कितीही सावकाश निववले तरी ५० चे ७० कसे व्हावेत? बुन्सेनने १८५१ मध्ये आइसलँडच्या खडकांवरून दोन निराळे शिलारस मानले. बोवेनने १९२८ च्या ग्रंथात एकच मानला: बेसाल्टच्या रसातून लोह-मॅग्नेशियमयुक्त स्फटिक आधी वेगळे होतात आणि उरलेला रस सिलिकेने समृद्ध होतो. मात्र असा रस थोडाच उरतो. ग्रॅनाइटचे पर्वत त्यातून भागत नाहीत. पुढे टटल आणि बोवेन यांनी १९५८ मध्ये दाखवले की दाबाखाली पाणी असेल तर ग्रॅनाइटचे घटक ७०० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळू लागतात. म्हणजे खंडांचे जुने कवच खोलवर वितळूनही ग्रॅनाइट बनू शकतो. बेसाल्ट मात्र त्याखालच्या प्रावरणातून, सुमारे १२०० अंशांचा रस होऊन येतो.

नागपूर या दोन्ही घराण्यांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. पूर्वेला, कळमन्याच्या अंगाला, तो संपत जातो आणि शंभर कोटींहून अधिक वर्षांचे पट्टिताश्म लागतात. ते रूपांतरित खडक, पण खनिजे बरीचशी ग्रॅनाइटचीच.

मग बेसाल्टचा रस खोलवर सावकाश निवला तर काय होते? गॅब्रो. आपल्या ओट्यावरचा दगड गुलाबी नसून काळाभोर असेल, तर दुकानदार त्याला काळा ग्रॅनाइट म्हणतो. बहुधा तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे रुळांखालच्या गिट्टीचाच भाऊबंद.