नाशिकहून लडाखची धम्मयात्रा : लेहला पोहोचण्याची घाई नको

त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्या दमछाक न होता चढणाऱ्यालाही लडाखमध्ये जिना चढताना धाप लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तिथे श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या मानाने दोन तृतीयांशच असतो. दिल्लीहून विमान दीड तासात लेहला उतरवते, पण शरीराला जुळवून घ्यायला दोन-तीन दिवस लागतात.

म्हणून आम्ही, विशेषतः ज्येष्ठ उपासक-उपासिका सोबत असतील तर, उन्हाळ्यात श्रीनगरमार्गे जायला सांगतो. कारगिलला (सुमारे २,७०० मीटर) मुक्काम करावा. पुढे मुलबेखला रस्त्यालगतच कातळात कोरलेली मैत्रेयाची उभी मूर्ती आहे, मग लामायुरू आणि अल्ची. अल्चीच्या भित्तिचित्रांसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. मनालीचा रस्ता पहिल्या खेपेला नको. वाटेतला सर्चूचा मुक्कामच ४,२०० मीटरच्या वर आहे.

विमानानेच जायचे असेल तर पहिले दोन दिवस लेहमध्ये विश्रांती घ्यावी. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला किंवा पँगाँग दाखवणाऱ्या सहली स्वस्त पडतात, पण धोक्याच्या आहेत. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे सुरू झाले की आणखी वर चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर प्राणवायू लावून ताबडतोब खाली उतरवावे. एका आजाऱ्यासाठी गाडी मागे वळवणार का, हे आयोजकाला पैसे भरण्यापूर्वीच विचारा. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गोम्पांमध्ये वज्रयान परंपरा आहे. उग्र देवतांची चित्रे आणि लोण्याचे दिवे पाहून आपल्यातले काही जण 'हा बुद्धांचा धम्म नव्हे' असे तिथेच बोलून दाखवतात. हे आम्हाला पटत नाही. आपल्या त्रिरश्मीतही मूळच्या हीनयान लेण्यांत पुढे महायानी मूर्ती कोरल्या गेल्याच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने तिथले विधी करायलाच हवेत असे नाही. पादत्राणे बाहेर काढावीत, स्तूपाला उजवी घालून जावे, पूजा चालू असताना शांत बसावे, एवढे पुरे. भेटेल त्याला 'जुले' म्हणावे.

पाली वंदना ऐकायची असेल तर भिक्खू संघसेन यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले महाबोधी आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र लेहजवळच आहे.